कॅप (CAP) म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म आईवडिलांनी भरायचा की पोरानं?

बारावीनंतर इंजिनिअरिंगचं बघताय ना, मग घरात हा वाद होणारच. आपण भरला तर एक फायदा नक्की, कागदपत्रं वेळेत होतात. डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, कास्ट व्हॅलिडिटी (जात पडताळणी) हे सगळं पोरांच्या डोक्यात नसतंच आणि व्हॅलिडिटी तर सीईटीच्या आधीच मागे लागून करावी लागते, तिथे पोरावर सोडूच नका, बाकीच्या दाखल्यांना सरळ सेतूत जा नि व्हॅलिडिटीला जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे.

पण ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज नि ब्रँचची पसंतीक्रमाची यादी? तो पोरानंच भरावा असं माझं मत. कारण पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की तो ऑटो फ्रीज होतो, मग पुढच्या राउंडला बदलता येत नाही, आणि आपण "नाशकातच राहा, के. के. वाघ काय वाईट आहे" म्हणून वर टाकलेलं असतं नि पोराला पुण्याला कॉम्प्युटरच हवं असतं. चार वर्षं कोण काढणार, आपण का?

हां, पोरं नुसतं कॉलेजचं नाव बघतात, फी बघत नाहीत, ब्रँच पण मित्राची बघून टाकतात 😅 म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ नि होस्टेलचा खर्च घेऊन शेजारी बसा. माऊस मात्र त्याच्याकडे. ओटीपी तुमच्या मोबाईलवर येत असेल तर त्याचा नंबर रजिस्ट्रेशनलाच टाका.