नेस्कॅक की वायॅक? नोव्हेंबरचे स्कोअर बघून कॉलेज ठरवणाऱ्यांसाठी

माझा भाचा यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, बास्केटबॉल खेळतो, पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा), उंची सहा फूट एक इंच (तीही बूट घालून). डी-वन, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची सगळ्यात वरची पातळी, आपल्याला जमणार नाही हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं, त्यामुळे तो विषय संपला. डिव्हिजन थ्रीमधले (डी-थ्री, तिसरी पातळी) दोन कोच मात्र मनापासून मागे लागलेत, एक न्यू इंग्लंडमधल्या नेस्कॅकचा आणि दुसरा विस्कॉन्सिनच्या वायॅकचा. ही दोन्ही कॉन्फरन्सची नावं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट. कॉलेजांची नावं लिहीत नाही, पोराची पंचाईत होईल. पण ताईकडे नेपरव्हिलला रोज रात्री जेवताना हाच वाद चालू आहे, आणि दाजींच्या हातात हत्यार एकच, मोबाईलवरचं विजय-पराभवांचं टेबल. "ही टीम सात-शून्य, ती पाच-तीन, आता यात विचार काय करायचा?"

तर दाजी, आणि दाजींसारखा विचार करणारे बाकीचे पालक, हे तुमच्यासाठी. या दोन कॉन्फरन्समधल्या टीमचं डिसेंबरपर्यंतचं रेकॉर्ड शेजारी ठेवून तुलना केली की हमखास फसायला होतं, कारण दोघींचा सीझन मुळात एकसारखा सुरूच होत नाही.

आधी नेस्कॅक. अकरा कॉलेजं, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, मिडलबरी, ट्रिनिटी, वेस्लियन, हॅमिल्टन, कनेक्टिकट कॉलेज आणि मेनमधली तीन, बेट्स, बोडॉइन, कोल्बी. सगळी प्रायव्हेट, सगळीकडे अ‍ॅडमिशन अवघड. यांची प्रॅक्टिस 1 नोव्हेंबरला सुरू होते, बाकीच्या डी-थ्री टीम ऑक्टोबरच्या मध्यापासूनच घाम गाळत असतात. म्हणजे पहिल्या मॅचला नेस्कॅकची टीम जेमतेम दोन आठवडे एकत्र खेळलेली असते, आणि समोरची टीम तीन-चार सेट प्ले पाठ करून आलेली असते. अशात नोव्हेंबरमध्ये एखादी मॅच गेली, फ्री थ्रो वाया गेले, टर्नओव्हर (हातचा बॉल घालवणं) वीसच्या वर गेले तर मी त्याचं फार मनावर घेत नाही. तीच टीम जानेवारीत बघा.

कॉन्फरन्सच्या मॅच मात्र फक्त दहा, प्रत्येकाशी एकदा, आणि बहुतेक शुक्रवार-शनिवार लागोपाठ. म्हणजे सीझनच्या अर्ध्याहून जास्त मॅच बाहेरच्यांशी होतात, त्यातल्या बऱ्याचशा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच. म्हणून नेस्कॅकचे सुरुवातीचे रिझल्ट कच्चे असले तरी हिशोबात जड असतात, हे विचित्र वाटेल पण आहे तसं.

आता वायॅक. आठ कॉलेजं, सगळी युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनच्या कुटुंबातली सरकारी, ओ क्लेअर, ला क्रॉस, ऑशकॉश, प्लॅटव्हिल, रिव्हर फॉल्स, स्टीव्हन्स पॉइंट, स्टाउट, व्हाइटवॉटर. प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी एकदा त्यांच्याकडे, म्हणजे चौदा मॅच. बाहेरच्या मॅच त्यामानाने कमी, पण समोर कोण असतं ते बघा, इलिनॉयची सीसीआयडब्ल्यू (आमच्या नेपरव्हिलचं नॉर्थ सेंट्रल त्यातलंच), मिनेसोटाची एमआयएसी, आयोवाची कॉलेजं. सगळा मिडवेस्ट एकमेकांना ओळखून आहे. त्यामुळे वायॅकची टीम डिसेंबरात पाच-तीन असली तर ते तीन पराभव कुठले हे बघितल्याशिवाय एक शब्द बोलू नये. आणि बऱ्याच वर्षी यातली एखादी टीम सीझनआधी मॅडिसनला जाऊन डी-वनमधल्या विस्कॉन्सिन बॅजर्सशी एक्झिबिशन मॅच खेळते, ती हरली म्हणून काही बिघडत नाही, ती रेकॉर्डमध्ये धरतच नाहीत.

रेकॉर्ड किती खोटं बोलू शकतं याचा सगळ्यात मोठा नमुना आयोवातल्या ग्रिनेलचा. 20 नोव्हेंबर 2012, समोर फेथ बॅप्टिस्ट बायबल नावाचं छोटं कॉलेज, आणि ग्रिनेलच्या जॅक टेलरने एकट्याने 138 पॉइंट मारले, 108 शॉट घेऊन 52 बास्केट, मॅच 179-104. जगभर बातमी झाली. ग्रिनेलची पद्धतच तशी होती, पाच-पाच जण मिनिटभरात बदलायचे, समोरच्यांवर सतत दबाव (प्रेस), सतत लांबून तीन पॉइंटचे शॉट. पण त्या जिंकण्यावरून ग्रिनेल पुढे काय करणार हे कुणाला काही कळलं का? समोरच्या टीमच्याही एका पोराने 70 मारले होते त्या दिवशी! तर सात-शून्यमध्ये असल्या दोन-तीन मॅच दडलेल्या असतात. एनसीएएमध्ये, म्हणजे या डिव्हिजन चालवणाऱ्या संघटनेत, नसलेलं कॉलेज, चाळीस-पन्नासने विजय, बेंचवरच्या सगळ्यांना संधी, आईवडील खूश.

आता तर सिलेक्शनमध्येही असल्या विजयांना किंमत नाही. 2024-25 पासून नॅशनल टूर्नामेंटसाठी एनपीआय नावाचा आकडा वापरतात, त्यात फक्त डी-थ्रीशी झालेल्या मॅच धरतात, आणि कमजोर टीमला हरवून आकडा खाली येत असेल तर तो विजय बाजूला काढायचीही सोय आहे. म्हणजे दाजी, तुमच्या सात-शून्यमधल्या दोन मॅच बायबल कॉलेजांशी असतील तर तुमचं खरं रेकॉर्ड पाच-शून्य, आणि मग समोरच्या पाच-तीनमधले तीन पराभव टॉप 25 मधल्या टीमकडून असतील तर कोण पुढे ते तुम्हीच सांगा.

पराभवांनी माणूस बुडत नाही याचं आवडतं उदाहरण वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं, सेंट लुईसमधलं. 2008 मध्ये सहा मॅच हरून ते चॅम्पियन झाले, आणि फायनलमध्ये कुणाला धुतलं तर नेस्कॅकच्या अ‍ॅमहर्स्टला, 90-68, जे आदल्याच वर्षीचे चॅम्पियन होते.

इतिहासाचं वजन कुणाकडे? इथे मी सरळ वायॅकच्या बाजूने. 2019 पर्यंत त्यांच्याकडे तेरा नॅशनल टायटल, प्लॅटव्हिल चार, स्टीव्हन्स पॉइंट चार, व्हाइटवॉटर चार आणि ऑशकॉश एक. प्लॅटव्हिलची चारही बो रायनच्या काळातली, 1991, 95, 98, 99, त्यात 95 आणि 98 ला एकही मॅच न हरता. तिथलं त्याचं रेकॉर्ड 353 विजय आणि 76 पराभव. पुढे तो विस्कॉन्सिन बॅजर्सकडे गेला आणि 2015 ला डी-वनच्या फायनलपर्यंत पोचला. नेस्कॅकचंही कमी नाही, विल्यम्स 2003, अ‍ॅमहर्स्ट 2007 आणि 2013, आणि मार्च 2025 मध्ये ट्रिनिटी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला 64-60 ने हरवून.

पण खरी गंमत आमनेसामने आहे. विल्यम्स बिचारी तीन वेळा फायनलमध्ये वायॅककडून हरली. 2004 ला स्टीव्हन्स पॉइंटकडून ओव्हरटाइममध्ये 84-82, 2010 ला पुन्हा स्टीव्हन्स पॉइंटकडूनच 78-73, आणि 2014 ला व्हाइटवॉटरकडून 75-73. तीन फायनल मिळून फरक फक्त नऊ पॉइंटचा! म्हणून "वायॅकवाले रांगडे, नेस्कॅकवाले पुस्तकी किडे" असं जे आमच्याकडे कुणीतरी बोललं ना, त्याला काही अर्थ नाही. त्या 2014 च्या विल्यम्स टीममध्ये डंकन रॉबिन्सन फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) होता. पुढच्या वर्षी तो मिशिगनला गेला आणि नंतर मायामी हीटकडून एनबीए फायनल खेळला. हे वाचून भाच्याचे डोळे चमकले, मी म्हटलं बाळा, तो सहा फूट सात इंच आहे.

टीमचं भविष्य वगैरे जे प्रीव्ह्यू येतात त्यांचंही असंच. प्रीसीझन पोल, टॉप 25 हे सगळं या वर्षीच्या टीमबद्दल असतं, आणि आपलं पोरगं खेळणार पुढच्या वर्षी. ज्या टीममध्ये सुरुवातीला उतरणारे पाचही जण सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे आहेत ती डिसेंबरात झकास दिसणारच, पण ते पाचही मे महिन्यात डिग्री घेऊन जाणार. उलट जी टीम दोन फ्रेशमन आणि तीन सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचे) घेऊन धडपडतेय, आठ-आठ पॉइंटने हरतेय, ती दोन वर्षांनी भारी असेल, पण मग तुमच्या मुलाच्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं असेल, तेही तीन वर्षांसाठी. पॉइंट गार्ड असला की हे जास्तच, कारण ती जागा कोच वाटून देत नाही.

मी काय करतो सांगतो. टेबल बंद करायचं आणि बॉक्स स्कोअर उघडायचा, म्हणजे कोण किती मिनिटं खेळला, किती पॉइंट मारले याचा मॅचचा तक्ता. एका मॅचमध्ये चाळीस मिनिटं गुणिले पाच, म्हणजे वाटायला दोनशे मिनिटं. मोठ्या फरकाच्या मॅच सोडून द्यायच्या, फक्त दहाच्या आतल्या मॅच घ्यायच्या आणि बघायचं की पहिल्या पाचांनी त्यातली किती खाल्ली. एकशे साठ-सत्तर खाल्ली असतील तर तो कोच बेंचवर विश्वास टाकत नाही, मग तो फोनवर कितीही गोड बोलू दे. आमच्या दोन कोचपैकी एकाचं असंच निघालं (कुठला ते विचारू नका). "आम्ही दहा जणांची रोटेशन खेळवतो" म्हणाला होता, आणि जवळच्या चार मॅचमध्ये सातव्या नंबरच्या पोराला सरासरी सहा मिनिटं. दहा जणांची रोटेशन फक्त मोठ्या विजयात दिसली.

वायॅकमध्ये अजून एक गोष्ट, तिथे मोठ्या डिव्हिजनमधून परत आलेली पोरं बरीच दिसतात, विस्कॉन्सिनमधलाच मुलगा, डी-टूला किंवा डी-वनला गेला, बसून राहिला, मग घराजवळ आला. वीस-बावीस वर्षांचा बाप्या असतो तो. अठरा वर्षांच्या फ्रेशमनला त्याच्याकडून मिनिटं काढून घ्यायची म्हणजे सोपं नाही. नेस्कॅकमध्ये बाहेरून येणारे त्यामानाने कमी, पण तिथे अडथळा आधीच येतो, अ‍ॅडमिशन ऑफिसच्या दारात.

आणि पैसा, जो विषय सगळे शेवटी काढतात. डी-थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, दोन्हीकडे नाही. विल्यम्ससारख्या कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास जातो, मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, आणि ज्यांना मिळते त्यांना विल्यम्स 2022 पासून कर्ज न देता सगळी ग्रँट म्हणून देते. पण दोघं आयटीत, घर, दोन गाड्या, अशा आपल्याकडच्या कुटुंबाला त्यातलं किती पदरात पडणार? कॉलेजांच्या साइटवर आपल्याला किती खर्च पडेल याचा कॅल्क्युलेटर असतो, आधी तो भरा, मग स्वप्नं बघा. विस्कॉन्सिनची सरकारी कॉलेजं बाहेरच्या राज्यातल्या मुलालासुद्धा याच्या निम्म्याहून स्वस्त पडतात, आणि प्लॅटव्हिलला इंजिनिअरिंग आहे, हे ऐकल्यावर आमची ताई पहिल्यांदा ताठ बसली.

इंजिनिअरिंगवरून कुणीतरी यूएए ही तिसरी कॉन्फरन्स काढतंच, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, शिकागो, एमरी वगैरे. नावं ऐकून नातेवाईक खूश होतात. तिथे कॉन्फरन्स टूर्नामेंट नाही, चौदा मॅचमध्ये जो वर तो थेट नॅशनलला, आणि शुक्रवार-रविवार विमानाने फिरायचं. छान आहे, पण तिथल्या कुणी मेल केलेला नाही, त्यामुळे आमच्यासाठी तो विषय बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारखा. नेस्कॅकचे कोच उन्हाळ्यात मार्कशीट बघून अंदाज देतात आणि मग म्हणतात अर्ली डिसिजन भर. पहिल्या फेरीची तारीख बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे तेव्हा टीमच्या धड दोन मॅचही झालेल्या नसतात, रिझल्ट बघून ठरवायचा प्रश्नच नाही. दुसरी फेरी बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या मॅच तुमच्या हातात असतात, पण कॉन्फरन्सची एकही नसते किंवा एखादीच. आणि अर्ली डिसिजन म्हणजे शब्द दिला, प्रवेश मिळाला की बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. वायॅककडे असा फास नाही, अर्ज येतील तसे बघतात, तुम्ही फेब्रुवारीतल्या मॅच बघून ठरवलंत तरी चालतं, फक्त कोचने तोवर दुसरा पॉइंट गार्ड धरू नये.

म्हणून माझं मत, मुलाचे मार्क वरचे असतील, कॅल्क्युलेटरने चांगला आकडा दाखवला असेल आणि टीमचा पहिला पॉइंट गार्ड सीनियर असेल, तर नेस्कॅक, मग रेकॉर्ड तीन विजय, चार पराभव असलं तरी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर घाईने सही करू नका, वायॅकच्या बाजूला थांबा. भाच्याच्या बाबतीत मार्क आहेत, गार्ड सीनियर आहे, आणि कॅल्क्युलेटर दाजींनी अजून भरलेला नाही, तीन वेळा सांगून झालं.

गेल्या शनिवारी मात्र दाजी स्वतःच गाडी काढून आम्हाला व्हाइटवॉटरला मॅच बघायला घेऊन गेले, इथून दोनेक तास. मी वही नेली होती. हाफटाइमला बघतो तर वही भाच्याकडे, आणि तो स्कोअर सोडून बेंचवरून कोण कधी उठतं त्याच्या वेळा लिहीत होता.