‘डायरेक्ट मोरबी’ म्हणून फरशी घेतली, ७५,५०८ रुपयांना गंडवलं

नवीन घर बांधायलेत त्यांनी हे पूर्ण वाचा, विशेषतः ज्यांचं स्लॅब-प्लास्टर होऊन आता फरशीचं चाललंय त्यांनी. फेसबुकवर ती जाहिरात अजून फिरायलीय, ‘फॅक्टरी रेट, डीलरचं कमिशन नाही, डायरेक्ट मोरबी ते तुमचं घर’ (मोरबी म्हणजे गुजरातमधलं टाइल कारखान्यांचं शहर), आणि त्यावर आपल्याच भागातली माणसं खाली ‘रेट पाठवा’ लिहायलेत ते बघून डोकं फिरतंय.

आम्ही लातूर जिल्ह्यातले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं घर म्हणलं की सगळ्यांचं लक्ष कॉलम-बीमवर असतं. बापूंनी तर फुटिंगच्या वेळेस सळई मोजून घेतली, जालन्याहून आलेल्या स्टीलचं वजन काट्यावर समोर उभं राहून केलं, सिमेंटच्या गोण्यांची तारीख बघितली. म्हणजे आम्ही काही डोळे झाकून घर बांधणारे लोक नाही. पण फिनिशिंगला येईपर्यंत माणूस थकलेला असतो, लोनचा शेवटचा हप्ता उचललेला असतो, वास्तुशांतीची तारीख काढलेली असते आणि हे लोक नेमकं तेव्हाच गाठतात.

इथल्या दुकानात दोन बाय चारची ग्लॉसी व्हिट्रिफाइड ६२ रुपये फूट सांगितली, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३ च्या वर गेली. त्या जाहिरातीवाला माणूस म्हणला ४१, सगळं धरून. ९६ बॉक्स, बॉक्सला साडेपंधरा फूट, १,४८८ फुटाचे ६१,००८ रुपये आणि गाडीभाडं १४,५००. भाडं धरूनही ३३ हजाराच्या वर वाचत होते. मोरबीला माल स्वस्त मिळतो हे काही खोटं नाही, देशातली बहुतेक टाइल तिथंच बनते, तिथल्या खऱ्या कारखानदारांना मी काही म्हणत नाही. त्यामुळं रेट ऐकून शंका यावी असं काही नव्हतं, कुणालाही वाटलं असतं की मधला दलाल गेला म्हणून स्वस्त.

सॅम्पल घेऊन स्वतः घरी आला. फरशी उलटी करून मागच्या बाजूला पाणी टाकून दाखवलं, ‘बघा दादा, थेंब पीत नाही’. खरंच पीत नव्हती. व्हिट्रिफाइड ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नसते हे त्यानंच सांगितलं आणि ते बरोबरच आहे. मागं कंपनीचं नाव उठावात होतं. बायकोला रंग आवडला, आईनं हात फिरवून बघितला, २५,००० इसार दिला. सॅम्पल शंभर टक्के खरं होतं. सॅम्पलवर कुणाचाही माल पास करू नका.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. गाडी आली ती दिवे लागणीला, त्यात आमच्याकडं लाइट गेलेली. सकाळी येणार होती. ड्रायव्हर म्हणला पैसे आल्याशिवाय ताडपत्री सोडायची नाही असं मालकानं सांगितलंय, मला रात्रीच परळीला माल उतरवायचाय. हमाल बोलावून बसवलेले, फोनवर तो माणूस ‘दादा गाडी थांबली तर दिवसाचं भाडं लागंल’ म्हणून घाई करायला. गाडी एमएच पासिंगची होती. हे मी त्याच वेळेस बघितलं. बघितलं आणि मनात म्हणलं की एमएचच्या गाड्या काय मोरबीला जात नाहीत का, जातात की. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मागितलं तर ड्रायव्हर म्हणला ते मालकाच्या मोबाइलवर असतं. परराज्यातून ५० हजाराच्या वरचा माल आणायचा तर ई-वे बिल लागतंच, आणि ते ड्रायव्हरजवळ नसेल तर गाडी मोरबीहून निघालीच नसणार, जवळच्याच कुठल्यातरी गोडाऊनमधून आली असणार, एवढा साधा हिशोब होता. आणि आम्ही तिच्यासाठी १४,५०० भाडं दिलं! मिस्त्रीमामांनी एक बॉक्स फोडला, तो नेमका चांगला निघाला. ५०,५०८ रुपये यूपीआयनं पाठवले. नाव एका बाईचं आलं. ‘मॅडम आमच्या अकाउंटला आहेत’ म्हणला.

तुम्ही असता तर काय केलं असतं ते प्रामाणिकपणे सांगा. दारात गाडी, हमाल, अंधार, पत्रिका वाटलेल्या.

हॉलची ३२० फूट फरशी बसली तेव्हा उजेडात कळलं. शेड तीन तऱ्हेची. काही फरशा मधून उचललेल्या, लेव्हलच घेईनात, साइजमध्ये दोन-दोन एमएमचा फरक, स्पेसर टाकूनही जॉइंट सरळ येईना. उलटी करून पाणी टाकलं तर घटघट पिली, म्हणजे बराच माल व्हिट्रिफाइड नव्हताच, साधी सिरॅमिक. मागं नाव नाही. बॉक्सवर ‘प्रीमियम’चं स्टिकर, ते खरवडलं तर खाली ‘कमर्शियल’, म्हणजे हलक्या दर्जाचा माल, छापलेलं. बसवायची मजुरी ८,००० गेली, उखडायला ३,५०० गेले, हमाली २,४०० वेगळी. नंतर त्याच दुकानातून ७३ च्या भावानं फरशी आणली, दाजींकडून उसने घेऊन.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर नंतर बघितला. फॅक्टरी म्हणे मोरबीची आणि नंबर २७ नं सुरू होणारा. २७ महाराष्ट्राचा कोड आहे, गुजरातचा २४. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून बघता येतो, पैसे द्यायच्या आधी बघा. आम्ही बघितला तर तो भलत्याच धंद्याचा, रद्द झालेला निघाला.

मग सुरू झालं ते याच्याहून वाईट. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणले, माल तर मिळालाय ना, क्वालिटीचा वाद आहे, दिवाणी मॅटर, कोर्टात जा. मी म्हणलं साहेब खोटा जीएसटी नंबर, खोटं स्टिकर, ही क्वालिटी कशी? तर म्हणले पैसे ऑनलाइन गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणले वस्तू घरपोच आली म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉड नाही, ठाण्यात जा. बँकेत गेलो तर तिथली मॅडम मान वर न करता म्हणली, पिन तुम्हीच टाकला ना? अहो पिन मीच टाकला, पण ते खातं कुणाचं आहे, त्यात अजून किती जणांचे पैसे यायलेत ते तर बघा! एवढं सांगायला एक माणूस तयार नाही. बापू एसटीतून रिटायर झालेत, त्यांची ग्रॅच्युइटी आहे या घरात, आणि त्यांना ठाण्याच्या बाकड्यावर बसवून हवालदार विचारतो, ‘बाबा, स्वस्त बघून घेतलं होय?’ स्वस्त बघून घेणं हा गुन्हा आहे का? फसवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे त्याला, आधीचं ४२०. ते कलमसुद्धा मीच त्यांना सांगायचं. शेवटी तक्रार रजिस्टर पोस्टानं एसपी ऑफिसला पाठवली, कायद्यात तशी सोय आहे, ठाण्यानं नाही घेतली तर हाच रस्ता. पोच आली, पुढं काही नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोरबीला जावं लागत नाही. दोन वर्षांच्या आत करा. पण नोटीस ‘पत्त्यावर व्यक्ती सापडली नाही’ म्हणून परत आली.

नगद असो की यूपीआय, पक्कं बिल हातात आल्याशिवाय एक रुपया नाही. अंधारात माल उतरवू नका, गाडी उभी राहिली तर राहू द्या. वेगवेगळ्या थरातले पाच-सहा बॉक्स फोडा, वरचा त्यांनीच लावलेला असतो. प्रत्येक बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एक आहे का बघा. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर तिथल्या तिथं १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर झाला की पैसा खात्यातून पुढं निघून जातो.

आमचे ७४ बॉक्स अजून जिन्याखाली पडून आहेत, पुरावा म्हणून ठेवलेत. तुमच्याकडं असाच माल आला असेल तर बॉक्स फेकू नका, स्टिकर काढायच्या आधी आणि काढल्यावर दोन्ही फोटो घ्या, पैसे कोणत्या नावावर गेले त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि स्वतःची वेगळी तक्रार द्या. एकाच खात्यावर लातूर, बीड, परभणी, नांदेडच्या चार-पाच तक्रारी गेल्या तर मग कुणी दिवाणी मॅटर म्हणून हाकलून दाखवावं.