हेक-रास: पुराची पातळी पक्की, गाळाचा हिशेब जपून

हेक-रास हे नदीतल्या पाण्याचे आणि गाळाचे गणित करणारे, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे सॉफ्टवेअर. ते दलाच्या डेव्हिस इथल्या जलवैज्ञानिक अभियांत्रिकी केंद्रात तयार होते. पहिली आवृत्ती १९९५ची. २०१६च्या ५.० मध्ये द्विमितीय (लांबी-रुंदी दोन्हींत पसरणारा) प्रवाह आला, आणि २०२१च्या ६.० मध्ये द्विमितीय गाळवहन आणि चिखलासारख्या दाट प्रवाहाची गणिते आली. विंडोजवर चालते, मोफत आहे, परवान्याची भानगड नाही. सोबतच्या मार्गदर्शिका नीट वाचल्या तर नदीचे जलशास्त्र निम्मे तरी समजते, इतक्या त्या चांगल्या आहेत.

आपले मत आधीच सांगतो. पुराची पातळी काढण्यासाठी हे साधन डोळे झाकून निवडावे. मात्र धरणाखाली तळ किती खचेल, वाळूउपशाच्या खड्ड्याचा परिणाम वर कुठवर जाईल, जलाशयात गाळ कुठे बसेल असे प्रश्न विचारले की तेच सॉफ्टवेअर तितक्याच ठाम आवाजात दोन दशांशांपर्यंत उत्तर देते, आणि तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात.

आधी पाण्याचे. पाणी फक्त नदीच्या लांबीने वाहते असे धरणाऱ्या एकमितीय प्रारूपात सगळा भार काटछेदांवर, म्हणजे पात्राच्या आडव्या छेदांवर, असतो. छेद प्रवाहाला काटकोनात घ्यायचा, दोन्ही काठांवर पूर पोहोचणार नाही इतक्या उंचीपर्यंत न्यायचा, आणि बिंदू खालच्या दिशेला तोंड करून डावीकडून उजवीकडे भरायचे. दोन छेदांत किती अंतर असावे याला सॅम्युअल्सचा सोपा नियम आहे: काठोकाठ भरलेल्या पात्राची खोली गुणिले ०.१५, भागिले तळाचा उतार. खोली ४ मीटर आणि उतार हजारास एक असेल तर अंतर ६०० मीटरच्या आत हवे. ही वरची मर्यादा समजावी. वळण, पूल, बंधारा आला की छेद दाट करायचेच. पुलासाठी किमान चार छेद लागतात, दोन वर आणि दोन खाली. भरावामागचे साचलेले पाणी वहनक्षमतेत धरले जाऊ नये म्हणून तिथे निष्क्रिय प्रवाहक्षेत्र (पाणी असते पण वाहत नाही असा भाग) आखावे लागते. हे राहून गेले की पूल कागदावर प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी वाहून नेतो आणि वरच्या बाजूची पूरपातळी कमी दिसते. तपासायला आलेल्या प्रारूपांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच.

मॅनिंगचा घर्षणांक, म्हणजे तळ आणि झुडपे पाण्याला किती अडवतात ते सांगणारा आकडा, हा दुसरा कळीचा आकडा. स्वच्छ नैसर्गिक पात्राला साधारण ०.०३ ते ०.०४, दाट झुडपांच्या पूरमैदानाला ०.०७ ते ०.१० किंवा त्याहूनही अधिक. रुंद पात्रात खोली या आकड्याच्या तीन-पंचमांश घातात बदलते. म्हणजे घर्षणांक २० टक्के चुकला तर खोली साधारण ११-१२ टक्के चुकते; ५ मीटर खोल पुरात ५५ ते ६० सेंटिमीटर. घरे आणि रस्ते यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, पण पुराच्या खुणांशी जुळवून तो बराच कमी करता येतो. पाण्याची चूक अशी आटोक्यात राहते, म्हणूनच या भागावर विश्वास ठेवता येतो.

द्विमितीय प्रारूपात जमिनीवर चौकटींची जाळी टाकतात, एक चौकट म्हणजे एक पेशी. त्याची खरी ताकद पेशीखालच्या जमिनीच्या हिशेबात आहे. पेशी २० मीटरची असली तरी तिच्या प्रत्येक कडेला खालच्या १ मीटरच्या उंची-नकाशावरून स्वतःचा काटछेद मिळतो, त्यामुळे मोठ्या पेशींतही लहान ओढे वाहतात आणि गणित आटोपशीर राहते. पण बांध किंवा रस्त्याचा भराव पेशीच्या मधोमध गेला तर पाणी त्यातून आरपार जाते, कारण सॉफ्टवेअरला अडथळा फक्त कडेवरच दिसतो. माथ्यावरून ब्रेकलाइन (अडथळ्याची रेघ) ओढून पेशींच्या कडा तिथे बसवाव्या लागतात. पहिली धाव झाल्यावर बांधामागे बेटासारखा ओला ठिपका उमटला तर गळती समजावी.

उंची-नकाशाबाबत एक इशारा. नेहमीचे विमानातून केलेले लायडार (लेझरने उंची मोजणारे) सर्वेक्षण पाण्याखाली पाहत नाही. नदीतल्या पाण्याचा पृष्ठभाग तो तळ म्हणून नोंदवतो. तसाच वापरला तर पात्राची निम्मी क्षमताही गायब होऊ शकते. पाण्याखालचे छेद मोजून रास मॅपरमध्ये (हेक-रासच्या नकाशांच्या भागात) त्यांचा तळ उंची-नकाशात मिसळण्याची सोय आहे, ती वापरावीच. उपग्रहावरून मिळणारे ३० मीटरचे मोफत नकाशे सपाट पूरमैदानासाठी उपयोगाचे नाहीत. त्यांतली उंचीची चूकच कित्येकदा पुराच्या खोलीइतकी असते.

समीकरणांचा निर्णय सोपा आहे. सावकाश पसरणाऱ्या पुराला डिफ्युजन वेव्ह हे सोपे केलेले समीकरण पुरते आणि लवकर चालते. धरणफुटी, अचानक अरुंद होणारे पात्र, भरती-ओहोटी किंवा तीव्र वळणावरची उसळी असेल तर पूर्ण उथळ-जल समीकरणेच घ्यावीत. त्यांत कूरांट संख्या (एका कालखंडात प्रवाह किती पेशी ओलांडतो तो आकडा) १ च्या आसपास राहील असा कालखंड, म्हणजे गणिताच्या एका पायरीचा वेळ, निवडावा. धाव संपल्यावर रंगीत नकाशाकडे धावण्याआधी गणनेच्या नोंदीतली घनफळाची तूट (हिशेबात न जुळलेले पाणी) पाहावी.

धरणफुटीच्या भागात भगदाडाची रुंदी, बाजूंचा उतार आणि ते पडायला लागणारा वेळ तुम्हीच द्यायचा असतो. मदतीला आतच फ्रोलिख, मॅक्डोनल्ड-लँगरिज-मोनोपोलिस, व्हॉन थुन-जिलेट, शू-झांग यांची समीकरणे आहेत. फ्रोलिखच्या २००८च्या समीकरणात माथ्यावरून पाणी गेल्यास बाजूंचा उतार (उंचीच्या मानाने आडवे अंतर) १ आणि भरावातून पाझरून फुटल्यास ०.७ धरतात. एकाच समीकरणावर थांबू नये. सगळी चालवून शिखर विसर्गाचा पट्टा काढावा. वेळेच्या बाबतीत नेमकी एक गल्लत होते: माथ्यावरून पहिली धार वाहू लागल्यापासूनचा वेळ धरला जातो. मोजायचा तो भगदाड वेगाने मोठे होऊ लागल्यापासून. वेळ फुगला की शिखर दबते, आणि खालच्या गावांना मिळणारा इशारा खोटा ठरतो. ही माणसांच्या जिवाची गोष्ट आहे.

आता गाळ. इथे सॉफ्टवेअरचा दोष कमी आणि विषयाचा स्वभाव जास्त. एंगेलुंड-हान्सेन समीकरणात वाळूचे वहन वेगाच्या पाचव्या घातात वाढते. वेग १० टक्के चुकला की वाळू ६१ टक्के चुकते. पाण्यासाठी उत्तम जुळवलेले प्रारूप गाळासाठी अजून कच्चेच असू शकते, ते यामुळे. त्यातच समीकरणे अनेक: मायर-पीटर-म्युलर गोट्यांसाठी, एंगेलुंड-हान्सेन वाळूसाठी, विलकॉक-क्रो वाळू-गोट्यांच्या मिश्रणासाठी, लॉरसन-कोपलँड बारीक पोयट्याकडे झुकणारे. त्याच नदीवर दोन समीकरणांच्या उत्तरांत दहापट फरक पडणे नवलाचे नाही. सॉफ्टवेअर चुकीची निवड करू देते आणि काहीच बोलत नाही. वाळूच्या नदीला मायर-पीटर-म्युलर लावले तरी आलेख गुळगुळीतच येतो.

भरावी लागणारी माहिती अशी: प्रत्येक छेदाला तळाच्या नमुन्याची कणप्रत, म्हणजे कणांच्या आकारांची वाटणी (मुळात २० वर्ग असतात, चिकणमातीपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत), तळाचा हलू शकणारा पट्टा, खाली किती खोलीपर्यंत खचू द्यायचे, आणि वरून येणारा गाळ. खोली शून्य ठेवली तर तळ खडकासारखा अचल राहतो. खडक उघडा असलेल्या जागी ती मुद्दाम शून्य द्यावी, बाकी ठिकाणी विसरून शून्य राहू नये. वरून येणाऱ्या गाळासाठी ‘समतोल भार’ हा सर्वांत सोपा पर्याय दिसतो. त्याचा अर्थ वरचा छेद ना खचतो ना भरतो. धरणाच्या लगेच खाली हे गृहीतक उलटे ठरते: जलाशयाने वाळू अडवलेली असते, सांडव्यातून निवळ पाणी येते आणि ते तळातून वाळू उचलते. तिथे विसर्ग-गाळ वक्र (किती विसर्गाला किती गाळ याचा आलेख) द्यावा आणि त्यात वाळू जवळपास शून्य ठेवावी. हे केले की प्रारूप अपेक्षित वागते: आधी धरणाच्या पायाशी तळ खचतो, बारीक कण निघून जातात, उरलेल्या जाड गोट्यांचे कवच होते आणि खचण्याचा पट्टा खाली सरकत जातो. कवच दाखवण्यासाठी तळाचे थर वेगळे धरणारी थॉमस पद्धत निवडावी आणि तळाखालचे नमुने पृष्ठभागापासून वेगळे घ्यावेत. फक्त वरचा थर चाळला तर कवच चुकीच्या वेळी तयार होते.

वरून येणारा गाळ किती निर्णायक असतो हे कोलोरॅडो नदीने दाखवले आहे. ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ पासून वाळू अडवली. १९९६ मध्ये सात दिवस सुमारे १२७० घनमीटर प्रति सेकंद पाणी सोडून खालच्या वाळूच्या काठपट्ट्या पुन्हा उभारण्याचा प्रयत्न झाला. पट्ट्या उंच झाल्या, पण वाळू बऱ्याच अंशी जुन्या पट्ट्यांच्याच खालच्या भागातून आली. २००४ पासूनचे असे पूर उपनद्यांनी नवी वाळू आणल्यानंतर सोडले गेले. हेक-रासमध्ये हा फरक प्रारूपाच्या वरच्या सीमेवरच्या, येणाऱ्या गाळाच्या एका तक्त्यात सामावतो, आणि बहुतेक लोक तो तक्ता शेवटच्या पाच मिनिटांत भरतात.

वाळूउपशासाठी ‘ड्रेजिंग’ची सोय आहे: तारीख आणि खोदाईची पातळी दिली की खड्डा तयार होतो. खड्ड्याच्या वरच्या कडेपासून खचण्याची पायरी उगमाकडे चढत जाते, आणि पुलांचे पाये उघडे पडतात ते इथेच. छेद विरळ असतील तर ही पायरी पसरट उतार होऊन बसते आणि पुलाचा धोका कमी दिसतो. म्हणून वरच्या बाजूला छेद दाट हवेत. छेद दाट केले की कालखंडही छोटा करावा लागतो. अर्ध-अस्थिर प्रवाहात (बदलता विसर्ग स्थिर तुकड्यांत मांडतात तेव्हा) कमी पाण्याला २४ तास चालतात, पुराच्या शिखराला तासाचाही अंश लागतो. तळ करवतीसारखा वर-खाली दिसू लागला तर कालखंड मोठा आहे.

मुळात एकमितीय गाळ-प्रारूप भिजलेला तळ सरसकट वर-खाली करते. काठ कोसळण्यासाठी अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांचे बीस्टेम हे काठाच्या स्थैर्याचे प्रारूप जोडता येते, पण त्यासाठी मातीची घट्टता आणि क्षरणाची मर्यादा हवी. नदी वळणे बदलते, जुने पात्र सोडून नवे धरते, हे एकमितीय प्रारूपात येणार नाही. द्विमितीय गाळवहन अजून तरुण आहे आणि धावायला फार वेळ घेते. काही किलोमीटरचा पट्टा आणि एकदोन पूर, एवढ्यापुरतेच ते घ्यावे.

गाळाची उत्तरे तुलनेसाठी वापरावीत. ‘धरण असताना’ आणि ‘नसताना’ या दोन धावांतला फरक एकट्या धावेतल्या आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो. जुने आणि नवे काटछेद उपलब्ध असतील तर जुन्यापासून सुरुवात करून नव्यापर्यंत पोहोचता येते का ते आधी पाहावे. ते जमत नसेल तर पुढच्या पन्नास वर्षांचा आलेख अहवालात घालू नये.

काही किरकोळ पण डोकेदुखी टाळणाऱ्या बाबी. एकके मुळात अमेरिकी असतात, प्रकल्प उघडताच मेट्रिक करावीत. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये दशांशचिन्ह म्हणून बिंदूच हवा. फोल्डरच्या नावात फक्त रोमन अक्षरे ठेवावीत. नव्या आवृत्तीत उघडून साठवलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत नीट उघडेलच असे नाही, म्हणून आवृत्ती बदलण्याआधी संपूर्ण फोल्डरची प्रत काढावी आणि अहवालात आवृत्तीचा क्रमांक लिहावा.