फायरफॉक्स काढून परत टाकला, तरी ॲडऑन जुनीच: सात महिन्यांच्या वापरानंतर

म्हापशातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या काउंटरवरचे दोन संगणक, दोन्हींवर फायरफॉक्स ब्राउझर. दिवसभर जमिनीचे एक-चौदाचे उतारे, दाखले, बिलं. वेग, टॅब, छपाई याबाबत तक्रार नाही. सगळा त्रास रीइन्स्टॉलनंतर उरलेल्या जुन्या आणि दोन-दोनदा दिसणाऱ्या ॲडऑनचा (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचा), म्हणून लिहिणार त्याबद्दलच.

फायरफॉक्स अनइन्स्टॉल केला तरी प्रोफाइल जात नाही. ॲपडेटा, रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स या वाटेवरचं ते फोल्डर तसंच राहतं. बुकमार्क, पासवर्ड, ॲडऑन, सगळं त्यातच. बिघाड त्या फोल्डरात असेल तर प्रोग्राम दहा वेळा नव्याने टाका, बिघाड परत येणारच. आणि नेमकं याच कामाचे दुरुस्तीवाले पाचशे रुपये मागतात. ग्राहकाने ते का द्यावेत, हे मला खरंच कळत नाही.

दोनदा दिसणाऱ्या ॲडऑनचं मूळ शोधायचं तर अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट:सपोर्ट टाका आणि ॲडऑनच्या तक्त्यापर्यंत खाली या. प्रत्येक ओळीत नाव, आवृत्ती, चालू की बंद, आणि शेवटी आयडी, म्हणजे त्या ॲडऑनची स्वतःची ओळखखूण. नावाकडे बघू नका, आयडी बघा. एका प्रोफाइलमध्ये एकाच आयडीची दोन ॲडऑन उभी राहत नाहीत, नवं जुन्याच्या जागी बसतं. म्हणजे जाहिरात अडवणारी दोन ॲडऑन सारख्याच नावाने दिसत असतील, तर आयडी वेगळे असणार आणि त्यातलं एक नक्कल किंवा दुसऱ्याच कोणाचं असणार. अँटिव्हायरस, पीडीएफचे प्रोग्राम पूर्वी स्वतःची ॲडऑन परस्पर घुसवायचे. मार्च २०२० च्या ७४ व्या आवृत्तीपासून ती वाट बंद झाली, पण आधी आलेली जुन्या प्रोफाइलमध्ये अजून सापडतात.

पहिले दोन महिने माझा सगळा राग सिंकवर, म्हणजे एका खात्यातून सगळ्या संगणकांवर बुकमार्क आणि ॲडऑन सारखी ठेवणाऱ्या सोयीवर होता. आता मत बदललंय. सिंकमधली ॲडऑनची खूण काढली तरी गोंधळ तसाच राहिला. शिवाय सिंक फक्त फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या अधिकृत जागेवरची ॲडऑन आणतं, फाइलमधून टाकलेली आणत नाही. खरं कारण निघालं दोन इन्स्टॉल. जुना ३२ बिटचा प्रोग्राम फाइल्स एक्स ८६ मध्ये, नवा ६४ बिटचा शेजारच्या प्रोग्राम फाइल्समध्ये. मे २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलला स्वतंत्र प्रोफाइल मिळते. डेस्कटॉपवरच्या एका आयकॉनने उघडलं तर एक यादी, टास्कबारवरच्या आयकॉनने उघडलं तर दुसरी. लोकांना वाटतं बुकमार्क उडाले. ते उडालेले नसतात, शेजारच्या प्रोफाइलमध्ये असतात.

उपाय अबाउट:प्रोफाइल्सवर आहे. जुनी प्रोफाइल नव्या खिडकीत उघडा, बुकमार्क आणि पासवर्ड आहेत का बघा, मग तीच डीफॉल्ट करा. नको असलेली काढताना फाइल्स डिलीट करू का, असं विचारलं जातं. तिथे 'नाही' म्हणा. महिनाभर सगळं नीट चाललं की मग ते फोल्डर हाताने उडवा. ३२ बिटचा इन्स्टॉल मात्र लगेच काढा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जूनमध्ये धाडकन वीज जाते आणि यूपीएस नसेल तर ॲडऑनची नोंदवही अर्धवट लिहिली जाऊ शकते. मग ॲडऑन फोल्डरात असतात, पण यादीत दिसत नाहीत. फायरफॉक्स पूर्ण बंद करून प्रोफाइलमधल्या एक्सटेन्शन्स डॉट जेसन आणि ॲडऑनस्टार्टअप डॉट जेसन डॉट एलझेड४ या दोन फाइलींची नावं बदला. पुन्हा उघडल्यावर त्या नव्याने तयार होतात. मुद्दाम बंद ठेवलेलं एखादं ॲडऑन चालू झालंय का, तेवढं तपासा.

खऱ्या अर्थाने प्लगइन, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारे दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम, म्हणावेत असे आता दोनच उरलेत: व्हिडिओ कॉलसाठी सिस्कोचं ओपनएच२६४ आणि संरक्षित व्हिडिओसाठी गूगलचं वाइडवाइन. पहिलं जुन्या आवृत्तीवर अडकलं तर फायरफॉक्स बंद करून जीएमपी-जीएमपीओपनएच२६४ हे फोल्डर काढा, मग अबाउट:कॉन्फिगमध्ये याच नावाची व्हर्जनची नोंद आणि जीएमपी-मॅनेजरची लास्टचेकची नोंद रीसेट करून पुन्हा सुरू करा. नवं आपोआप उतरतं.

बाकीची जुनी प्लगइन, म्हणजे जावा, सिल्व्हरलाइट, पीडीएफ रीडर, मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत गेली. फ्लॅश जानेवारी २०२१ मध्ये. त्यामुळे एखाद्या पानावर 'फ्लॅश अपडेट करा' किंवा 'पीडीएफ प्लगइन जुनं आहे' अशी पाटी आली, तर ती फसवणूक आहे. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, कारण घाईत तेच बटण दाबलं जातं.

विंडोज ७ वाल्यांसाठी ११५ ही शेवटची ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) मालिका. त्यातही ११५.१३ च्या खाली राहू नका. १४ मार्च २०२५ ला ॲडऑन खरी आहेत हे तपासणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपल्यापासून त्याआधीच्या आवृत्त्यांत ॲडऑन बंद पडतात, आणि तिथे रीइन्स्टॉल नव्हे, अपडेट लागतं.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो इन्स्टॉलरसाठी: दुसरा फायरफॉक्स आधीच बसलाय, हे त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं.