सेकंडहँड वाटाड्या आणि त्याचं स्टँड

मी पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. दुकान ठाण्यात नौपाड्याला, पण निम्मी गिऱ्हाइकं आता खाडीपलीकडे: ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर. पेटी उचलून दुकानात आणणं कोणाला जमत नाही, म्हणून मीच जुन्या वॅगन-आरमध्ये हत्यारं टाकून घरोघर जातो. फोनवरचा नकाशा होताच. पण माझा फोन म्हणजे दुकानाचा फोन. ऐन कापूरबावडीच्या चौकात "काका, मधल्या सप्तकातला पंचम बोलत नाहीये हो" असं कोणीतरी सुरू करतं आणि तेवढ्यात वळण गेलेलं असतं. मे महिन्यात काचेमागे तापून फोनचा पडदा आपोआप मंद होतो, ते वेगळंच. दोनदा तर फोन गाडीत स्टँडवर राहिला आणि मी चौथ्या मजल्यावर.

म्हणून फक्त रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र घेतलं. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाकडे पाच इंची पडद्याचं पडून होतं, साडेतीन हजारांत मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. सेकंडहँड वस्तूच्या कुरबुरी कंपनीच्या माथी मारणं बरं नाही.

पहिल्या दिवशी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चालू केलं आणि पाऊण तास नुसतं "उपग्रह शोधत आहे". वाटलं, फसलो. मग गाडी मोकळ्या मैदानाशेजारी नेऊन उभी केली, तेव्हा काही मिनिटांत बाण उमटला. हे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर असतात, जागा नीट सांगायला निदान चार दिसावे लागतात, आणि प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती अगदी सावकाश, तीस-तीस सेकंदांच्या आवर्तनात पाठवतो. फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन उचलतो, या यंत्राला ती आभाळातूनच घ्यावी लागते. बरेच महिने बंद पडलेलं यंत्र असेल तर पहिल्यांदा उघड्यावर ठेवा आणि चहा प्या. त्यानंतर माझं रोज मिनिटाच्या आत लागतं.

खरी कटकट स्टँडची. मूळ स्टँड हरवलेलं होतं. गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो, तिथल्या पोराने साडेचारशेचं रबरी वाटीचं स्टँड काढलं आणि थेट डॅशबोर्डवर दाबून म्हणाला, "काका, आता हे हलणार नाही बघा." हललं नाही, पडलं. तीन हात नाक्याच्या सिग्नलपर्यंतसुद्धा टिकलं नाही. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक खरबरीत, त्यावर वाटी हवा धरणार कशी? हे मला तिथेच कळायला हवं होतं. भात्याच्या चामड्याला सुईएवढं भोक असलं तरी पेटीचा दम जातो, हेच तर मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय. परत गेलो तर पोराने दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची चकती काढली आणि निघाला डावीकडे, एअरबॅगच्या झाकणावर लावायला. त्याला हात धरून थांबवलं. ती पिशवी फुटली तर तिच्यापुढचं यंत्र शेजारी बसलेल्याच्या तोंडावर. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत, तेच स्टँड घरी घेऊन आलो.

एसीच्या जाळीला अडकवायचा चिमटाही पाहिला होता. फोनला ठीक, या जाड यंत्राच्या वजनाने ती पट्टी मोडेल अशी भीती वाटली. वाळू भरलेली उशी डॅशबोर्डवर ठेवायचं स्टँड मिळतं, ते सपाट डॅशबोर्डच्या गाड्यांना छान. माझा डॅशबोर्ड उतरता.

शेवटी काचच. पण काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या वाफेचा एक चिकट थर बसतो, नुसत्या ओल्या फडक्याने तो निघत नाही. पॉलिशसाठी माझ्याकडे स्पिरिट असतंच. त्याने बशीएवढी जागा दोनदा पुसली, कोरडी केली. वाकडी झालेली वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं टाकली की तिचा आकार परत येतो. मग नखाने कड तपासली, एके ठिकाणी बारीक खाच होती, ती वरच्या बाजूला येईल अशी फिरवून लावली. वरच्या बाजूला का, ते नका विचारू. भात्याचं ठिगळ लावतानाची सवय आहे. दाबून खटका खाली केला. आज चौदा महिने झाले, दोन उन्हाळे काढले, एकदाच पडलंय, तेही मे महिन्यात दिवसभर उन्हात गाडी उभी होती तेव्हा. आता उन्हात गाडी लावली की यंत्र काढून डिकीत ठेवतो. चोराचीही सोय होत नाही.

जागा निवडतानाही एक चूक झाली. आधी उजव्या कोपऱ्यात, खांबाजवळ लावलं होतं. दिसायला सुटसुटीत. पण उजवीकडे वळताना त्याच्या मागे एक अख्खा दुचाकीवाला लपतो, हे नितीन कंपनीच्या चौकात कळलं आणि घाम फुटला. आता स्टेअरिंगच्या डाव्या हाताला, काचेच्या तळाशी, डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेलं आहे. फास्टॅगचा स्टिकर वर मध्ये, त्याला अडथळा नाही. वायर लायटरच्या सॉकेटमधून, पण तिथेही खोच: फोनची साधी केबल लावली की यंत्राला वाटतं कॉम्प्युटरला जोडलंय, आणि नकाशा जाऊन कॉम्प्युटरचं चित्र येतं. गाडीची वेगळी केबल शोधून आणली तेव्हा सुटलो.

आता रस्ता दाखवण्याबद्दल. नवी मुंबईत पत्ता टाकणं म्हणजे परीक्षा. प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगराचे, आपापले सेक्टर. "सेक्टर १०" म्हटलं तर वाशीचा, नेरूळचा की खारघरचा? म्हणून मी गिऱ्हाइकाकडून अक्षांश-रेखांश मागवतो. पहिल्यांदा वाशीच्या एका बाईंनी १९.०७६० आणि ७३.००१० असे आकडे पाठवले. मी दशांशचिन्ह न बघता आकडे ठोकले. यंत्रात पद्धत अंश आणि मिनिटांची, म्हणजे त्याने वाचलं १९ अंश ७.६ मिनिटं. फरक अक्षांशात साधारण साडेपाच किलोमीटरचा, थेट उत्तरेला.

"अहो, तुम्ही आहात तरी कुठे? मुलगी क्लासला जायची आहे."

"पोचलोच," म्हटलं. होतो घणसोलीत.

सेटिंगमध्ये जाऊन पद्धत दशांश अंशांची केली, तेव्हापासून पत्ता अचूक. ज्यांच्याकडे एकदा जाऊन आलो, त्यांच्या दारातच जागा साठवून ठेवतो, नावाऐवजी पेटीच्या खुणेने: "सागवानी तीन सप्तकी", "कलकत्ता, भाता फाटका".

पुलांच्या बाबतीत मात्र त्याला फारसं कळत नाही. माणूस पुलावर आहे की पुलाखाली, हे वरून सांगणं अवघड, उंची नीट मोजली जात नाही. घोडबंदर रोडला मानपाड्यापासून वाघबीळपर्यंत एकामागून एक पूल आहेत, तिथे ते मला दर वेळी खालच्या रस्त्यावर समजतं आणि नसलेलं डावं वळण घ्यायला सांगतं. तेवढा पट्टा मी माझ्या डोक्याने चालवतो.

नकाशा जुना होता. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू त्यात नव्हताच. शिवडीहून उरणच्या बाजूला जाताना बाण निळ्याशार समुद्रातून सरळ चालला होता, आणि यंत्र शांतपणे "शक्य होईल तिथे मागे वळा" म्हणत होतं. घरी येऊन भाच्याला बसवून नकाशा अपडेट केला, तासभर गेला, पण पूल आला. टोलचंही तसंच. आधीच्या मालकाने "टोल टाळा" चालू ठेवलं होतं, म्हणून ऐरोलीला जायचं तरी ते मला कळव्या-विटाव्यातून नेत असे, भर पावसात, तिथल्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं तेव्हाही. कारना ऐरोलीसारख्या मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, हे बिचाऱ्याला कोण सांगणार? मी ती खूण काढून टाकली.

एक शेवटची गोष्ट. स्टँडच्या गोळ्याच्या सांध्यातून खड्ड्यावर एक बारीक किरकिर यायची, काळी चारच्या जरा वर, ना धड सुरात ना बाहेर. दुसऱ्या कोणाला ऐकूसुद्धा आली नसती, मला वेड लागायची पाळी आली. भात्याच्या चामड्याचा नखाएवढा तुकडा सांध्यात बसवला, गेली. आता फक्त "कपूर बौडी" राहिलंय. यंत्रातली बाई कापूरबावडीला तेच म्हणते, आणि दर वेळी मी मोठ्याने दुरुस्त करतो.