हिरवळीच्या बियाण्याचे पाकीट : आतले बी बरे, वरचा मजकूर फसवा

घरापुढच्या साधारण ४०० चौरस फुटांच्या जागेतली जुनी हिरवळ गेल्या दोन वर्षांत इतकी विटली होती की गवतापेक्षा उघडी मातीच जास्त नजरेला पडत असे. तयार गवताच्या लाद्या आणून अंथरणे हा झटपट मार्ग होता, पण मला ती बियाण्यापासून नव्याने उभी करायची होती. त्यासाठी हरळीच्या सुधारित वाणाचे, लेप दिलेले, अर्ध्या किलोचे एक पाकीट घेतले. शेतकरी जी हरळी मुळासकट उपटून बांधावर फेकतो, तीच आपण पैसे मोजून घरी आणतो आहोत, हा विचार पाकीट उघडताना मनात आल्याशिवाय राहिला नाही. दोन पेरण्या आणि साडेचार महिन्यांची निगराणी झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार ज्या प्रकारच्या मजकुराविषयी आहे, तो अशा पाकिटांवर सर्रास आढळतो.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला चार दावे ठळक छापलेले होते: सात दिवसांत उगवण, १००० चौरस फुटांना पुरेल इतके बी, ऊन आणि सावली दोन्हींसाठी योग्य, आणि ९८ टक्के शुद्धता. मागच्या बाजूला उगवणक्षमता ८५ टक्के लिहिली होती; मात्र ती कोणत्या महिन्यात तपासली, याची नोंद कुठेच नव्हती. गवताच्या बियाण्यात ही तारीख महत्त्वाची असते, कारण उष्ण आणि दमट जागी पडून राहिलेले बी दिसायला तसेच राहते आणि आतून मरत जाते. मला हे ठाऊक असूनही पहिल्या खेपेस मी डोळे झाकून पेरले, ही चूक माझी.

जमिनीच्या तयारीबद्दल पाकिटावर एकच ओळ होती, ‘माती भुसभुशीत करून घ्यावी’. मी सुमारे सहा इंच खोल खणून, ढेकळे फोडून, चाळलेले कंपोस्ट मिसळले आणि दताळ्याने वरवर सपाट केले. दोन गोष्टी मात्र राहिल्या. खणलेली माती पाणी देऊन, हलका रोलर फिरवून दाबून घ्यायला हवी होती. ती न दाबल्यामुळे पुढे जिथे जिथे पाऊल पडले तिथे खळगा झाला. दुसरी गोष्ट अधिक महागात पडली. बी टाकण्यापूर्वी मोकळ्या वाफ्याला दोन-तीन आठवडे नुसतेच पाणी देत राहावे, वर येईल ते तण खुरपून काढावे आणि मगच पेरावे, हा जुना शहाणपणाचा मार्ग मी घाईपोटी टाळला. परिणामी हरळीच्या आधी लव्हाळा वर आला. लव्हाळ्याची पात गवतासारखीच दिसते, पण तिचा दांडा बोटांत धरून फिरवला की तीन धारा लागतात. तो उपटला तरी जमिनीतल्या गाठी मागे राहतात आणि आठवड्याभरात पुन्हा कोंब धरतात. पाकिटावर या तयारीसाठी दोन ओळी जास्त खर्च केल्या असत्या, तर माझ्यासारख्या कित्येकांचे श्रम वाचले असते.

पहिल्या पेरणीत मी पाकिटावरचे प्रमाण तंतोतंत पाळले. १००० चौरस फुटांना ५०० ग्रॅम, म्हणजे माझ्या जागेला २०० ग्रॅम. आठव्या दिवशी सकाळी झारी घेऊन गेलो, तेव्हा कडेच्या बाजूला माती अगदी जवळून पाहिल्यावरच दिसतील असे सुईच्या टोकाएवढे कोंब आलेले होते. सात दिवसांचा दावा त्यामुळे सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. तरीही हरळीला उगवायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात आणि तेही माती पुरेशी उबदार असेल तर. मातीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर उगवण रेंगाळते. आठव्या दिवशी काहीच दिसले नाही म्हणून वैतागून पुन्हा खणायला घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी तरी ‘७ ते २१ दिवस’ असे छापणे कंपनीला जड जायला नको होते.

दहाव्या रात्री मुसळधार पाऊस झाला. जमीन न दाबलेली, एका कोपऱ्याकडे किंचित उतरती, आणि वर आच्छादन नाही. सकाळी पाहतो तो वाफ्याच्या मधोमध पाण्याने कोरलेल्या ओहळांच्या रेघा, आणि सगळे बी उताराच्या कोपऱ्यात जाऊन साचलेले. पुढच्या पाच-सहा दिवसांत त्या कोपऱ्यात गवत इतके दाट उगवले की बोट घालायला जागा उरली नाही, आणि वरचा भाग उघडा बोडका राहिला. त्या हिरव्या गर्दीचा मला मूर्खासारखा आनंद झाला. सोळाव्या दिवशी पहाटे त्याच कोपऱ्यात दवाने भिजलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसले. खाली वाकून पाहिले, तर कोवळ्या पात्या मातीलगत तपकिरी, पाणचट होऊन एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. दुपारपर्यंत तळहाताएवढा गोल भाग बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी दोन. हा मर रोग. रोपांची दाटी, उबदार हवा आणि सतत ओली राहणारी माती एकत्र आली की पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगकारकाला याहून सोयीचे काही नसते. शिवाय मी दिवे लागणीच्या वेळी पाणी देत होतो, म्हणजे पाती रात्रभर ओली. पाणी सकाळवर आणले, मेलेला थर हलकेच उचलून टाकला, माती वरून सुकू दिली, तेव्हा चार दिवसांत पसरणे थांबले. बुरशीनाशकाला हात लावला नाही आणि लावावा लागलाही नाही.

या सगळ्यात बियाण्याचा दोष किती, हे ठरवण्यासाठी मी उरलेल्या बियाण्याची घरीच परीक्षा घेतली, आणि ती आधीच का घेतली नाही याचा पश्चात्ताप केला. एक परीक्षा उगवणीची: १०० दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळले आणि डबीत झाकून उबदार जागी ठेवले. चौदाव्या दिवशी ७८ दाण्यांना कोंब होते. ८५ च्या दाव्यापुढे ७८ म्हणजे फार वाईट नाही; एवढा फरक घरगुती चाचणीत पडू शकतो. दुसरी परीक्षा मात्र डोळे उघडणारी ठरली. दहा ग्रॅम दाणे कोमट पाण्यात भिजवून फडक्यात चोळले. हिरवट चिखल निघत राहिला आणि शेवटी खाली बारीक, लांबट, गव्हाळ रंगाचे खरे बी उरले. ते सावलीत वाळवून काट्यावर ठेवले, तर भरले साडेपाच ग्रॅम. बाकीचे साडेचार ग्रॅम म्हणजे लेप.

लेप देण्यात गैर काही नाही. हरळीचे बी फार बारीक असते. सोललेल्या, म्हणजे टरफल काढलेल्या बियाण्याच्या एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास दाणे भरतात. लेपामुळे ते हाताला जाणवते, वाऱ्याने उडत नाही आणि टाकल्यावर कुठे पडले ते दिसते. या पाकिटातल्या लेपाचा एक गुण मला मनापासून आवडला. तो ओला असताना गडद हिरवा आणि सुकला की फिकट होत असे, त्यामुळे वाफ्याचा कोणता भाग कोरडा पडतो आहे हे उभ्या उभ्या कळायचे. तक्रार आहे ती वजनाची. लेप ४५ टक्के, शुद्धता ९८ आणि उगवण ७८ टक्के धरली, तर १०० ग्रॅम मालात उगवण्याजोगे बी ४२ ग्रॅम होते. म्हणजे मी चौरस मीटरला फक्त सव्वादोन ग्रॅम जिवंत बी टाकले होते. सोललेल्या हरळीसाठी चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हरळी आडव्या धावत्या खोडांनी पसरते, म्हणून विरळ पेरलेलीही कालांतराने जागा भरून काढते, हे खरे. पण त्या काळात उघड्या मातीत लव्हाळा ठाण मांडतो, मुंग्या ओळीने दाणे उचलून नेतात आणि एका पावसात हिशेब बिघडतो. १००० चौरस फुटांचा आकडा सगळे सुरळीत झाले तरच लागू पडणारा आहे, आणि बागेत सगळे सुरळीत होत नाही. लेपाचे प्रमाण पाकिटावर कुठेही नव्हते. ही लपवाछपवी मला सर्वांत जास्त खटकली.

दुसऱ्या पेरणीच्या वेळी जवळपास निम्मी जागा रिकामी होती. उरलेले सुमारे २८० ग्रॅम बी मी तेवढ्याच भागात वापरले, म्हणजे जिवंत बियाण्याचे प्रमाण चौरस मीटरला सहा ग्रॅमांच्या वर गेले. वरची माती दताळ्याने अर्धा इंच खरवडली, खळगे भरले, बियाण्यात चौपट कोरडी वाळू मिसळली आणि अर्धा भाग उभ्या दिशेने व अर्धा आडव्या दिशेने फोकून टाकला. वर चाळलेल्या कंपोस्टचा थर दिला, तोही जेमतेम तीन-चार मिलिमीटर. यापेक्षा खोल गेलेले इतके बारीक बी वर येता येता थकते. शेवटी फळी ठेवून तिच्यावर उभा राहिलो आणि फळी पुढे सरकवत सगळा भाग दाबून घेतला. बी मातीला चिकटले पाहिजे, नुसते मातीवर पडलेले नको. पहिले दोन आठवडे दिवसातून तीनदा, झारीच्या बारीक चाळणीने, वरचा थर ओलसर राहील इतकेच पाणी. कोंब फुटायला लागलेले बी एकदा कडक उन्हात वाळले की पुन्हा भिजवून जिवंत होत नाही. गवत दीड-दोन इंच झाल्यावर पाळ्या कमी केल्या आणि प्रत्येक पाळीला पाणी खोलवर मुरू दिले, म्हणजे मुळे त्याच्या मागे खाली जातात.

या खेपेस नवव्या ते चौदाव्या दिवसांत जी उगवण झाली, ती पाहून बियाण्याविषयीचे माझे मत बदलले. पाती बारीक, रंग एकसारखा गडद, आणि एकाही परक्या गवताचा दाणा मिसळलेला आढळला नाही. ९८ टक्के शुद्धतेचा दावा माझ्या वाफ्यात तरी खरा ठरला. सहाव्या आठवड्यात गवत अडीच इंचांवर गेल्यावर पहिली कापणी केली. उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही, हा नियम पाळला. पण यंत्राचे पाते बोथट होते, त्यामुळे एका पट्ट्यात रोपे कापली जाण्याऐवजी मुळासकट ओढली गेली. हा खड्डाही माझ्याच खात्यावर. लव्हाळ्यासाठी तणनाशक मारण्याचा मोह झाला होता, पण कोवळ्या गवताच्या तीन-चार कापण्या होईपर्यंत ते टाळलेलेच बरे. मी खुरप्याच्या टोकाने गाठींसकट काढत राहिलो, अजूनही काढतो आहे. तीन महिन्यांनी धावती खोडे एकमेकांत गुंतली आणि माती दिसेनाशी झाली.

एवढे झाले तरी झाडाखालचा पन्नासेक चौरस फुटांचा पट्टा कोराच राहिला. तिथे सकाळचे दोन तास ऊन येते. बी उगवले, पाती लांब, फिकट आणि लुळी झाली आणि महिन्याभरात विरून गेली. हरळीला रोज किमान सहा तास स्वच्छ ऊन लागते. ‘ऊन आणि सावली दोन्हींसाठी’ हे शब्द हरळीच्या पाकिटावर छापणे याला अतिशयोक्ती म्हणता येणार नाही, ती चुकीची माहिती आहे. मी कंपनीला छायाचित्रांसह लिहिले. चार दिवसांनी आलेल्या उत्तरात खताची मात्रा वाढवण्याचा सल्ला होता. सावलीचा उल्लेख नव्हता, लेपाच्या वजनाविषयी विचारले होते त्याचाही नव्हता. उत्तर आले याचे कौतुक करावे, की प्रश्न वाचलाच नाही याचा राग धरावा, हे मला ठरवता आले नाही.

बियाण्याला मी पाचपैकी चार गुण देतो, पाकिटावरच्या माहितीला दीड आणि ग्राहकसेवेला एक. भरपूर ऊन येणारी जागा असेल, तर हे बी घ्यायला हरकत नाही. मात्र पाकिटावरच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी जागेला ते पुरेल असे धरून चालावे आणि पेरण्यापूर्वी १०० दाणे फडक्यात बांधून पाहावेत. पुढच्या खेपेस मी स्वतः लेप नसलेले, सोललेले आणि तपासणीची तारीख छापलेले बी शोधेन. झाडाखालच्या पट्ट्यावर सध्या पालापाचोळा पसरून ठेवला आहे. तिथे सावलीत तगणारे काय लावायचे, हे अजून ठरायचे आहे.