साडेसात हजारांची टेप

'साहेब, वायरिंग गेलंय, पूर्ण किटच टाकावं लागेल.' पावसाळ्यात गॅरेजवाल्याच्या तोंडून हे ऐकलंत, तर आधी चावी परत मागा. मला हे वाक्य साडेसात हजारांना पडलं.

माझी दीडशे सीसीची बाईक. बॅटरी सारखी उतरायची, सेल्फ नुसता टकटक करायचा. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यानं मीटर लावून ११.८ व्होल्ट दाखवले. 'बॅटरी मेली, वायरिंगनं मारली.' चावी ऑन, हेडलाइट चालू आणि इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचाही आकडा पडतो, हे तो कशाला सांगेल? गाडी ठेवून घेतली आणि हातात चिठ्ठी दिली. त्यावर 'वायरिंग + बॅटरी' आणि रक्कम. ना शिक्का, ना जीएसटी नंबर.

काही आठवड्यांतच गाडी पुन्हा आडवी. या खेपेला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. टाकी उचलून त्यानं वायरिंगवर बोट फिरवलं, तर टेपचा चिकटा बोटाला लागला. टेप सोलली आणि आतून चिखलानं माखलेल्या माझ्याच जुन्या वायरी निघाल्या. मागे हॉर्नसाठी मारलेला लाल टेपचा जॉइंटसुद्धा जागच्या जागी! बॅटरीवरचा नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर, दोघांचा काही संबंध नव्हता.

खरा बिघाड रेग्युलेटरच्या, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणाऱ्या डबीच्या, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये) होता. इंजिनात वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडून तीन पिवळ्या वायरी तिथे येतात. त्यातली एक पिन सैल होऊन तापत राहिली, काळी पडली, भोवतीचं प्लास्टिक वितळलं आणि चार्जिंग अर्धवट झालं. नवा कपलर, नव्या पिना, अडीचशे रुपये.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणे, 'तुम्ही बाहेर उघडलीत, आता गॅरंटी नाही.' ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तक्रारीत जोर यायला पक्कं बिल लागतं, चिठ्ठी नाही.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. इंजिन चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत. तेराच्या वर जातच नसेल तर चार्जिंगचा घोळ आहे, नवी बॅटरीही त्यात मरेल. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटरवर संशय घ्या.

बॅटरी बदलताना समोर उभे राहा, नंबरचा फोटो काढा. वायरिंग बदललं म्हणाला तर जुनं किट हातात मागा. ते देता येत नसेल तर ते गाडीतच आहे. जादा लाइट बसवताना रिले (स्विचवर लोड येऊ न देणारी डबी) आणि वेगळा फ्यूज लावायला सांगा. आणि धुताना प्रेशरचं पाणी सीटखालच्या कपलरांवर मारू देऊ नका. वॉशिंगवाली पोरं नेमकी तिथेच नळी धरतात.